सतरा काड्या

आईस्क्रीमच्या असतात तशा चपट्या काड्या.
पिंगतुंगच्या इस्पितळातल्या हुआंगबाईंनी
रबरबँड लावून गठ्ठा हातात दिला.
म्हणाल्या, दाढांच्या मध्ये सरकवा, कळ येईपर्यंत.
मग थांबा.
जमेल तशी एकेक वाढवा.
सुरुवात अकरापासून केली.
पाच महिने झाले. आज सतरा.

पूर्वी मी आ वासून हसायचो.
वाळूचा ट्रक, रात्रीचे अडीच,
काओश्युंगच्या बंदरापर्यंत डोळा लागू नये म्हणून
गालात हिरवी सुपारी, चुना, पान.
लाळ इतकी की कागदी पेले भरायचे,
गिअरपाशी ओळीनं उभे, लालभडक.
सू-श्या म्हणायची, तुझ्या तोंडाला तळ नाही.

तो आता लागला.
तेहतीस वेळा जाळीच्या मुखवट्यात डोकं खिळवून
त्यांनी जाळायचं ते जाळलं,
शेजारची विहीरही आटली.
तोंडाला पाणी सुटणं,
किती सहज बोलून जायचो हे,
जणू ते पाणी आपल्या मालकीचं होतं.

रात्री तीनदा उठतो.
जीभ टाळूला चिकटलेली, पाकिटावरच्या तिकिटासारखी.
बाटलीतला घोट घेऊन ती सोडवावी लागते,
हळू, नाहीतर साल निघतं.
खिडकीबाहेर भाताच्या खाचरात बेडूक ओरडत असतात,
ओल्या गळ्याचे हरामखोर.

पलीकडच्या खाटेवरचा लाओ त्साय
पोटातल्या नळीनं जेवायचा.
बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचा:
नळीला चव नसते, त्यामुळे बायकोशी भांडण नाही.
आम्ही दोघं हसलो, म्हणजे खांदे हलले.
पाटी अजून माझ्याकडे आहे.
त्याच्या मुलानं आणून दिली. मी काही विचारलं नाही.

मला पेज, लगदा, वाटलेलं, गाळलेलं.
सगळ्याला ओल्या पुठ्ठ्याची चव,
गोडाला तर लोखंडाची.
सू-श्या वाढते, बसते, माझ्याकडे बघते,
आणि म्हणते, मी आधीच जेवले.
एकदा पाण्यासाठी मागच्या दारानं गेलो
तर मोरीपाशी उभ्यानं ती नूडल्स खात होती,
भराभर, आवाज न करता, चोरासारखी.
मला बघून वाडगा पाठीमागे नेला.
आवंढा गिळायला गेलो,
तेवढंही धड जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिची खुर्ची ओढून
माझ्या खुर्चीला चिकटवली.
तिनं खावं. खमंग खावं. वास येऊ दे.

मागच्या बुधवारी पांढरं कारलं होतं,
वाफवून कुस्करलेलं.
मीठ लावून पिळायचं ती विसरली होती.
दुसऱ्या घासाला जिभेच्या मुळाशी काहीतरी हललं.
कडू.
अगदी स्पष्ट, जुन्या ओळखीचं, हाक मारल्यासारखं कडू.
ती म्हणाली, थांब, टाकून देते.
मी वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

गुरुवारी परत पुठ्ठा.
हुआंगबाई म्हणाल्या, असंच होतं, येते, जाते.

काल मुलीकडे जाताना रस्त्यात उतरलो.
तीच काचेची टपरी, गुलाबी नळ्यांचा उजेड,
आत उंच स्टुलावर तीच पोरगी, ई-रोंग.
मला बघताच सवयीनं डबी पुढे केली,
शंभराची, कवळी सुपारी.
मी मान हलवली.
तिची नजर माझ्या गळ्यावर गेली,
सुजलेल्या, ताठ, भाजक्या चामड्यावर,
आणि लगेच हातातल्या कात्रीकडे वळली.
मी म्हणालो, पाणी.
माझा शब्द तिला कळला नाही.
पुन्हा म्हणालो. मग बोटानं दाखवलं.
तिनं थंड बाटली दिली,
वीस घेतले, सुटे मोजून परत केले.
मग पान ताणून धरलं, देठ कातरला,
चुन्याचं बोट लावलं.

मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.
गाडीत बसलो,
झाकण उघडलं,
खिशातून काड्या काढल्या,
आणि अठरावी सरकवून पाहिली.
नाही गेली.